किलोभर ज्वारी

"दोन किलोच्या खाली दळत नाही हो ताई," गिरणीवाल्या सदानंदकाकांनी डबा परत सरकवला आणि विनयाला एकदम रडूच आलं.

ज्वारीसाठी कुणी रडतं का? पण ती ज्वारी आईनं मंगळवेढ्याहून पाठवलेली होती आणि महिनाभर बोळिंजच्या फ्लॅटमध्ये तशीच पडून होती. सोबत राहणारी मैत्रीण लग्न होऊन गेली, तेव्हापासून विनया लॅबमधून येताना पाव घेऊन यायची आणि मोबाइल समोर ठेवून खायची. एका माणसासाठी कोण पीठ मळणार? आज मात्र भाकरीची फारच आठवण झाली होती...

"काका, माझे पण किलोभर तांदूळच आहेत. दोन्ही ओळीनं दळा. थोडं मिसळलं तर मिसळलं."

तिनं मागे वळून पाहिलं. तिशी ओलांडलेला, सावळा माणूस. शर्टाला सोनचाफ्याचा वास येत होता.

"मला चालेल," तो म्हणाला. "तुम्हाला?"

दळण झाल्यावर त्यानंच विचारलं, "अर्धं अर्धं वाटून घेऊ या? रोज एकच चव खाऊन कंटाळा येतो."

त्याचं नाव ऑगस्टीन. जवळच त्याची चाफ्याची वाडी होती.

पुढच्या रविवारी तो गिरणीच्या पायरीवर वाट पाहत बसला होता.

"तुमच्या ज्वारीनं माझी लाज काढली. थापली की तुकडे! महाराष्ट्राचा नकाशा झाला, सगळे जिल्हे सुटे!"

विनया खळखळून हसली. आपलंच हसू तिला अनोळखी वाटलं. "पाणी उकळतं घेतलंत?"

"नळाचं."

"अहो, काय हे!"

"आणि माझे तांदूळ?"

"भाकरीचा दगड झाला... दाताखाली."

"उकड काढायची असते. मम्मी असती तर तुम्हाला..." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "गेल्या वर्षी गेली. टेबलाला चार खुर्च्या आहेत. मी रोज वेगळ्या खुर्चीवर बसतो. तेवढंच... बरं वाटतं."

त्या रात्री विनयानं मोबाइल बाजूला ठेवला आणि नीट ताट वाढून घेतलं.

मग रविवारमागून रविवार गेले. दळण झालं की दोघं गिरणीच्या पायरीवरच डबे उघडून जेवायची. ती भरली वांगी आणायची, तो बोंबलाचं कालवण आणायचा. "तिखट आहे," ती डोळे पुसत म्हणायची. "मग पाहू नका ना माझ्याकडे, जेवणाकडे पाहा," तो म्हणायचा, आणि तिचे कान तापायचे. हे काय चाललंय, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

आणि एका रविवारी तो आलाच नाही. पुढच्याही नाही. फोन केला की "कामात आहे" एवढंच उत्तर. तरी विनया दर रविवारी दोन माणसांचं पीठ भिजवत होती. उरलेली भाकरी सकाळपर्यंत कडक व्हायची. चौथ्या रविवारी सदानंदकाकाच म्हणाले, "ऑगस्टीन? वाडी भाड्यानं देतोय म्हणे. कॅनडाला चाललाय, बहिणीकडे."

त्या संध्याकाळी ती पिठाची पिशवी घेऊन थेट त्याच्या दारात उभी राहिली. खोलीभर खोकी होती.

"सांगणार होतो..."

"कधी? विमानातून?"

तो खाली पाहत राहिला. "माझी बहीण प्रिस्का म्हणाली, तिथे तुझं कोण आहे? मला काही सांगता आलं नाही. तुमचं नाव घ्यायचा मला काय हक्क?"

विनयाला संताप आला, आणि रडूही. "परात कुठे आहे?"

तिनं पाणी उकळलं, पीठ मळलं, भाकरी थापली. ती टम्म फुगली, तेव्हा तो दारातूनच पाहत होता. ताट पुढे आल्यावर त्यानं पहिला घास घेतला आणि तसाच थांबला.

"विनया... थांब म्हण ना."

"नाही म्हणणार. मग माझ्यावर उपकार केल्यासारखे थांबाल." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "पण एक सांगते. एकटीनं जेवायला मी फार कष्टानं शिकले होते. तुमच्यामुळे ते विसरले. आता परत जमत नाहीये मला."

त्यानं बहिणीला फोन लावला. तो घरच्या बोलीत बोलत होता, भराभर, मध्येच अडखळत. विनयाला अर्धंही कळलं नाही. तिचं नाव मात्र तिनं दोनदा ऐकलं. पलीकडून काहीतरी जोरात विचारलं गेलं, त्यातला 'कॅनडा' एवढाच शब्द तिला कळला. तो "नाय" म्हणाला... पुन्हा "नाय". मग त्यानं फोन तिच्यापुढे धरला.

"तुझ्याशी बोलायचंय म्हणतेय."

विनयानं पिठाचा हात ओढणीला पुसला. पलीकडची बाई रडत होती की हसत होती, समजेना.

"विनया?" ती म्हणाली. "जेवला का गं तो?"

विनयानं टेबलाकडे पाहिलं. ऑगस्टीन मान खाली घालून, लहान मुलासारखा भराभर खात होता.

"जेवतोय," ती म्हणाली. "दुसरी भाकरी घेतलीय त्यानं."