बंद न केलेली डिस्क

ही गोष्ट खरी आहे हे पटवायला माझ्याकडे एकच पुरावा आहे. रचून सांगायची असती, तर मी तिच्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

रविवार होता. दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर लख्ख ऊन. मी ज्या फोटो स्टुडिओत कामाला होतो त्याचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. मालक जेवायला घरी गेले होते आणि आत मी एकटाच होतो. घाबरण्यासारखी वेळ नव्हतीच ती...

पण आधी मावशीबद्दल सांगायला हवं.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. तिला एक मुलगा, माझा मावसभाऊ. त्याला मी दादा म्हणतो. आणि एक मुलगी होती. तिचा पाय एका जागी ठरायचा नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे. माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी. आठ वर्षांची असताना तीन दिवसांच्या तापात ती गेली.

तिचे पाच-सहा फोटो होते. पण हलती-बोलती भिंगरी फक्त एका व्हिडिओ कॅसेटमध्ये होती. काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, ऑफिसातल्या कुणाचा तरी कॅमेरा एका दिवसासाठी मागून आणला होता. अकरा मिनिटांचं शूटिंग. गल्लीत भिंगरी सायकल शिकतेय आणि कॅमेऱ्यामागून काका ओरडतायत, "पाय टेकवू नकोस, पुढे बघ." पुढे काकाही गेले. कॅसेट लावायचं मशीन भंगारात गेलं. कॅसेट मात्र कपाटात पंधरा वर्षं तशीच होती.

मी स्टुडिओत जुन्या कॅसेटवरून डीव्हीडी करून द्यायचो. बारावीला दोनदा आपटलेला मी, पण नात्यात कुणाचाही टीव्ही बिघडला की मलाच बोलावणं यायचं. मावशी तर सगळ्यांना सांगायची, "आमच्या इंजिनियरला विचारा." ती थट्टा होती की कौतुक, देव जाणे. मला मात्र ते चढलं होतं.

मावशीने कॅसेट रुमालात गुंडाळून आणली.

"एकदा तिला नीट बघायचंय रे. माझ्या घरी, माझ्या खुर्चीत बसून. मग माझं काही म्हणणं नाही."

आता कामातली एक गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथेच बिनसलं. रेकॉर्डरवर डिस्क भरली की शेवटी ती 'बंद' करावी लागते. एक बटण दाबायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. ते केलं नाही तर डिस्क उघडी राहते. ज्या मशीनवर भरली त्यावर ती छान दिसते, पण दुसऱ्या प्लेयरला ती कळतच नाही. आणि उघडी असल्यामुळे तिच्यात पुढे अजून भरता येतं.

तेव्हा लग्नांची कामं साठली होती. मावशीचं काम घरचंच, म्हणून मी ते घाईत उरकलं. बटण दाबायचं राहून गेलं.

कॅसेटला बुरशी लागली होती. डिस्क भरून झाल्यावर फीत मागे गुंडाळताना ती मशीनमध्ये अडकली आणि तिचे तुकडे झाले. मी ती कचऱ्यात टाकली आणि मावशीला सांगितलं, "आता कॅसेटचं काय काम? सगळं डिस्कमध्ये आलंय."

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

"अरे, हा नो डिस्क म्हणतोय."

"तुझा प्लेयर जुना आहे, मावशी. घरी केलेल्या डिस्क नाही घेत तो."

तिने नवा आणला. तोही नो डिस्क म्हणाला. मी म्हटलं, कंपनी बदलून बघ. तिने कंपनी बदलली. मग ती रुमालात डिस्क घेऊन शेजारीपाजारी फिरू लागली. लोकांच्या बैठकीच्या खोलीत उभी राहायची आणि विचारायची, "एकदा लावून बघता का?" हे मला आईने सांगितलं. ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मी वैतागलो.

आणि एके दिवशी मावशी बस पकडून स्टुडिओत आली.

दुकानात गर्दी होती. ती गिऱ्हाइकांच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन अर्धा तास बसली. नंबर आल्यावर डिस्क काउंटरवर ठेवून म्हणाली, "एकदा तुझ्या मशीनमध्ये घालून बघ ना."

घातली. स्क्रीनवर यादी उमटली. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'डिस्क बंद केलेली नाही'.

चूक माझी होती. पाच मिनिटांचं काम होतं.

पण गिऱ्हाइकं बघत होती. मालक बघत होते. आणि मी तर इंजिनियर.

त्या यादीत अजून एक गोष्ट होती...

मी डिस्कमध्ये एकच शूटिंग भरलं होतं. यादीत दोन होती. दुसरं चार मिनिटांचं. तारीख परवाची, वेळ संध्याकाळी सहाची.

परवा संध्याकाळी ती डिस्क मावशीच्या घरी होती.

मशीनची काहीतरी गडबड असेल, असं म्हणून मी पहिलं शूटिंग लावलं. काउंटरवरच्या छोट्या टीव्हीत गल्ली दिसली. भिंगरी सायकलवर चढत होती. मावशी दोन्ही हात काउंटरवर टेकून पुढे वाकली.

मी अर्ध्या मिनिटात बंद केलं.

"बघितलंस ना? डिस्क ठणठणीत आहे."

"जरा पुढे जाऊ दे ना. ती चालवते आता."

"मावशी, लोक थांबलेत."

ती हळूच म्हणाली, "या मशीनमध्ये अजून काही करायचं राहिलंय का, बघतोस?"

"काही राहिलेलं नाही. तू रिमोट उलटा धरत असशील."

मागे कुणीतरी हसलं. मीही हसलो. मावशीने डिस्क रुमालात गुंडाळली आणि म्हणाली, "असेल बाबा. मला कुठलं कळायला." आणि ती गेली.

रात्री तिच्या घरी जाऊन डिस्क मागून आणायची, गुपचूप बंद करून द्यायची, असं मी ठरवलं होतं. रोज ठरवत होतो. एकविसाव्या दिवशी आईचा फोन आला की मावशी गेली. खुर्चीतच. टीव्हीसमोर.

सगळं आटोपल्यावर त्या रविवारी दादा स्टुडिओत आला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला. डोळे सुजलेले होते. त्याने डिस्क माझ्या हातात दिली.

"प्लेयरमध्येच होती. टीव्ही चालू होता, स्क्रीनवर तेच, नो डिस्क. चार प्लेयर आहेत रे घरात, एकावर एक रचलेले. तू काहीतरी करून बघ. मला भिंगरीचा आवाजसुद्धा आठवत नाही आता."

"तासाभराने ये," मी म्हणालो.

तो गेला. मालक आधीच गेले होते. मी शटर अर्धं ओढलं आणि डिस्क मशीनमध्ये सरकवली.

यादी उमटली...

तेवीस.

एक माझं. बावीस मी न भरलेली. प्रत्येकाची तारीख वेगळी आणि वेळ संध्याकाळी सहाच्या आसपासची.

आधी मी माझंच लावलं. गल्ली दिसली. ऊन दिसलं. काकांचा आवाज आला, "पाय टेकवू नकोस, पुढे बघ."

सायकल आडवी पडलेली होती. तिचं मागचं चाक हळूहळू फिरत होतं.

भिंगरी कुठेच नव्हती...

अकराच्या अकरा मिनिटं गल्ली रिकामी होती. काका तेवढे अधूनमधून बोलत होते, तेच शब्द, तसेच. शेवटी मात्र एक वाक्य होतं, जे आधी नव्हतं. "कुठे गेली ही?"

मी दुसरं लावलं.

मावशीची खोली. शूटिंग टीव्हीच्या जागेवरून घेतल्यासारखं होतं, म्हणजे टीव्हीच खोलीकडे बघत होता. मावशीचा चेहरा अगदी जवळ. चष्मा कपाळावर ढकलून ती रिमोटवरची अक्षरं वाचत होती. बटणांचा टकटक आवाज. तिचा श्वास. चार मिनिटं ती तेवढंच करत होती.

पाचवं लावलं. तीच खोली, तीच खुर्ची. मागे दाराचा पडदा होता. पडद्याखाली...

दोन लहान पाय.

नवव्यात पाय पडद्याच्या अलीकडे होते. चौदाव्यात खुर्चीच्या मागे कुणाचे तरी केस दिसत होते. मावशी वळली नाही. तिचं सगळं लक्ष टीव्हीकडे. जिला बघायला ती धडपडत होती ती पाठीमागे उभी होती, आणि ही समोरचं नो डिस्क वाचत बसली होती.

माझ्यामुळे.

मी तेविसावं लावलं. तारीख ती गेली त्या दिवशीची.

या वेळी मावशीच्या हातात रिमोट नव्हता. ती खुर्चीत मागे टेकून बसली होती आणि बाजूला बघून बोलत होती. खुर्चीच्या हातावर एक छोटा हात होता. बाकी कुणी दिसत नव्हतं.

"दुसऱ्या एका स्टुडिओवाल्याला दाखवली होती मी," मावशी म्हणत होती. "तो म्हणाला, आजी, ही बंद करायची राहिलीये. ज्याने केली त्याच्याच मशीनवर होईल, पाच मिनिटांचं काम आहे. म्हणून तर गेले होते दुकानात. म्हटलं, आपणहून करेल."

"मग?"

तो आवाज लहान मुलीचा होता.

"नाही केलं. इतकी माणसं होती तिथे. त्यांच्यासमोर कसं सांगायचं, तुझं चुकलं म्हणून? त्याला वाईट वाटलं असतं."

शूटिंग तिथेच संपलं.

मावशीला सगळं माहीत होतं. मी रिमोटवरून हसलो तेव्हाही माहीत होतं. ती माझी लाज राखत होती, आणि मी तिची चारचौघांत घालवत होतो.

निदान आता तरी, म्हणून मी डिस्क बंद करायचं बटण दाबलं.

मशीनवर अक्षरं आली, 'रेकॉर्डिंग चालू आहे'.

मी काहीच रेकॉर्ड करत नव्हतो. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. यादी उघडली...

चोवीस.

तारीख आजची. मिनिटं वाढत होती.

लावायला नको होतं. लावलं. स्क्रीनवर स्टुडिओ होता, काउंटर होतं, आणि काउंटरपाशी पांढराफटक पडलेला मी. माझ्या मागे गिऱ्हाइकांचा बाक. बाकावर मावशी बसली होती, पर्स मांडीवर घेऊन, नंबर यायची वाट बघत असावी तशी. तिच्या शेजारी कुणीतरी लहान पाय हलवत बसलं होतं.

माझ्या पाठीमागे बाक करकरला.

खरोखरचा बाक.

तुम्हाला वाटेल मी घाबरलो म्हणून वळलो नाही. भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी लाज होती. वळलो असतो तर मावशीला तोंड दाखवावं लागलं असतं. मी स्क्रीनकडे बघत हाताने चाचपडून मशीनची वायर ओढली आणि मागे न बघता शटरखालून बाहेर पडलो.

बाहेर भर उन्हात उभा राहिलो. थोड्या वेळाने दादा आला.

"झालं का काही?"

मी म्हणालो, "कोरी निघाली रे. आत काहीच नव्हतं."

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. तू प्रयत्न तरी केलास."

याला अठरा वर्षं झाली. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकांनी ते मशीन मला दिलं. डिस्कही माझ्याकडेच आहे. मी ती पुन्हा कधी लावली नाही. भिंगरी गल्लीत परतली का, चोविसाव्यानंतर काही भरलं गेलं का, मला माहीत नाही. हे कसं झालं, तेही माहीत नाही. घरात कुणी माझ्या मागे येऊन बसलं की मी आजही लगेच वळत नाही, एवढं खरं.

दादा, तू हे भुताच्या गोष्टींचं पेज वाचतोस असं वहिनी म्हणाली.

डिस्क कोरी नव्हती. त्यात तिचा आवाज आहे. एकच शब्द आहे, पण आहे. आणि तुझी आई आहे, शेवटच्या दिवसाची. तू ये. मशीन अजून चालतं, मी जोडून ठेवतो. फक्त तू बघत असशील तेव्हा मी बाहेर थांबेन.