बेचाळीस अंशांवर बारा

शेवटच्या साध्या दिवशी बाबा पहिली पाळी संपवून दुपारी घरी आले, हातपाय धुऊन ताटावर बसले आणि म्हणाले, "दाबाचा काटा एकोणीसवर गेलाय. ऊन आहे, कबूल. पण उन्हाच्या मानानं हे फारच."

"बाबा, आधी जेवा," दादा म्हणाला. "ते साहेबांना सांगा."

"तीन आठवडे सांगतोय."

धाकटी लेक शाळेतले गणिताचे पेपर तपासत बसली होती. ती नुसतं "हं" म्हणाली. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतगृहाच्या यंत्रघरात अमोनियाची नळी फुटली. बाबा आत होते.

चार दिवसांत कंपनीने निकाल ठरवून टाकला. यंत्र ठणठणीत होतं. म्हाताऱ्याचा पाळीवर डोळा लागला, झडप बंद राहिली आणि दाब एकदम चढला. पुरावा म्हणून नोंदवही दाखवली. मूळ वही गळतीत भिजली म्हणून तिची नक्कल केली होती. रोज दुपारची बाहेरची उष्णता एका रकान्यात, दाब दुसऱ्यात. खाली बाबांच्या जोडीदाराची, मिस्त्रींची सही.

बाबांच्या शेवटच्या दुपारपुढे लिहिलं होतं: उष्णता बेचाळीस अंश, दाब बारा किलो.

बारा. आणि बाबा एकोणीस म्हणाले होते.

"वय झालं होतं त्यांचं," दादा म्हणाला. तो त्याच शीतगृहाच्या दप्तरात कारकून होता. यंत्रघराच्या वासाने त्याला लहानपणापासून मळमळायचं. तिकडे तो कधी फिरकला नाही.

"गेल्या वर्षीची वही दे," धाकटी म्हणाली.

"मेलेल्या माणसाचे आकडे उकरून काय मिळणार तुला? आईला जरा जगू दे."

तरी त्याने दप्तराचं कुलूप उघडून दिली. फळीवरच्या सगळ्या वह्यांवर बोटभर धूळ होती. ही एकच पुसल्यासारखी स्वच्छ होती.

सतराव्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी बसली. कारखाना निरीक्षक खुर्चीत, साहेब त्याच्या शेजारी, मिस्त्री आणि दादा भिंतीपाशी. तिला कोणी बस म्हणालं नाही.

"बाई, पाच मिनिटं," निरीक्षक म्हणाला.

तिने आलेखाचा कागद टेबलावर पसरला. "आडवी उष्णता, उभा दाब. एका दिवसाचा एक ठिपका. हे गेल्या वर्षीचे."

ठिपके डावीकडून उजवीकडे, एकमेकांना धरून, चढत गेले होते.

"ऊन वाढलं की दाब वाढतो. बरोबर ना, मिस्त्री?"

"शेंबड्या पोरालाही माहीत आहे ते," मिस्त्री गुरगुरले.

"हे या वर्षीचे, शेवटचे तीन आठवडे सोडून." ठिपके त्याच चढावर होते. "आणि हे लाल, शेवटचे एकवीस दिवस."

लाल ठिपके उधळल्यासारखे पडले होते. एकतीस अंशांच्या ढगाळ दिवशी पंधरा. बेचाळीस अंशांना बारा.

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "हे कसं शक्य आहे?"

"तुमचीच सही आहे खाली," साहेब फिस्कारले.

"सही माझी. वाचलं कुणी होतं? जोडीदार गेला होता माझा!"

"म्हणजे आकडे खोटे," निरीक्षक म्हणाला. "खोटे कोणी लिहिले, हे ठिपके सांगतात का?"

"सांगतात. मलाही आधी मिस्त्रींचाच संशय होता. पण त्यांनी लबाडी केली असती तर ती जमली असती. ज्याने यंत्र हाताळलंय तो उन्हाच्या दिवशी कमी दाब लिहीत नाही. हातच वळत नाही. हे लिहिणाऱ्याला वाटलं, दोन रकाने म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. उष्णता त्याने खरी ठेवली, कारण ती फाटकावरच्या फळ्यावरही लिहितात, कोणीही ताडून पाहील. दाब मात्र कुठून तरी उचलला."

"कुठून?"

तिने पेन्सिल घेतली. "लाल ठिपक्यांचा दाब तसाच ठेवते. उष्णता फक्त गेल्या वर्षीच्या त्याच तारखेची घेते." तिने एकेक ठिपका मांडला. तो गेल्या वर्षीच्या ठिपक्यावर नेमका बसत होता. सातव्यानंतर निरीक्षकाने तिचा हात थांबवला.

"गेल्या वर्षीची वही कोणाच्या ताब्यात असते?"

"दप्तरात, कुलपात. किल्ली एकाकडेच असते. फळीवर धूळ नसलेली तेवढी एकच वही होती."

तिने दादाकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

"निघ इथून," दादा तिला म्हणाला. मग निरीक्षकाकडे वळला. "साहेब म्हणाले, शीतगृह बंद पडेल, दोनशे घरं उघडी पडतील. बाबा तर गेलेच आहेत, म्हणाले."

"मूळ वही?" निरीक्षकाने विचारलं.

"भिजली नाही ती. साहेबांच्या कपाटात आहे. रोज अठरा, एकोणीस... आणि शेजारी बाबांचा शेरा, दुरुस्ती करा."

साहेब उठले. निरीक्षकाने दाराकडे बोट दाखवत मिस्त्रींना सांगितलं, "तिथे उभे राहा." मिस्त्री आनंदाने उभे राहिले.

"तू फार शहाणी," दादा दात खाऊन म्हणाला. "बापावर तुझाच एकटीचा विश्वास, नाही का? लाडकी लेक!"

ती कागदाची घडी घालत होती. हात थांबला. पुढचं तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मलाही वाटलं होतं, डोळा लागला असेल. बाबांचीच चूक असेल. किती मोठी चूक होती, ते पाहायला मी हे ठिपके मांडायला बसले होते."