पंख्याखालची रिकामी खुर्ची

“धरा! धरा! सोडू नका! भोंग्या, तुझ्या बाजूला कलतंय!”

“मी घट्ट धरलंय! मोजपट्टीच सोडतेय!”

“मी? अरे, माझ्या पायावर आलंय ते!”

“बोलू नका, उचला!” हेडसर ओरडले. ते स्वतः बोट दाखवून दिशा सांगत होते, आणि त्यांच्या मते सगळ्यांत अवघड काम तेच होतं.

ऐन सुट्टीत, भर उन्हात, शाळेचं बक्षिसांचं कपाट ऑफिसमधून हॉलकडे निघालं होतं. पुढच्या बाजूला पोलीसकाका आणि शिपाईकाका, मागच्या बाजूला आपली टोळी. टोळीत एकूण चौघं. भोंगा हळू बोलला तरी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचं. मोजपट्टी उंच आणि सडपातळ होती, आणि तिची आई शिवणकाम करायची, म्हणून हे नाव तिला दोन्हीकडून शोभायचं. चष्मिसला कशाचंही ‘का?’ विचारायची खोड होती. आणि भोंग्याची धाकटी बहीण पिटुकली! तिला कुणी बोलावलेलं नसायचं, पण ती असायचीच. आत्ता तिच्या हातात फक्त कपाटाची किल्ली होती आणि तरी धापा तीच टाकत होती.

“पण सर, कपाट हॉलमध्ये का?” चष्मिसने विचारलंच.

“अरे, उद्या नगरपालिकेची निवडणूक! आपला हॉल म्हणजे मतदान केंद्र! अख्खा वॉर्ड आत येऊन जाणार. आपली बक्षिसं लोकांना दिसायला एवढी चांगली संधी पुन्हा कधी मिळणार?”

कपाट हॉलच्या कोपऱ्यात बसलं. हेडसरांनी काचा स्वतःच्या रुमालाने पुसल्या. आत काळं मखमली कापड होतं, त्यावर चषक ओळीने मांडले, आणि दोन पावलं मागे जाऊन ते समाधानाने म्हणाले, “वा!”

हॉलमध्ये केंद्राच्या प्रमुख मॅडम फीत घेऊन मोजमापं करत होत्या. एरवी त्या पोस्टात काम करायच्या. केंद्र सांभाळायची त्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळे नियमांचं पुस्तक हातातून खाली ठेवायला त्या तयार नव्हत्या. मतदाराने कुठून यायचं, बोटाला शाई कुठे लावायची, मतपेटी कुठे ठेवायची, सगळं नकाशाप्रमाणे! मत देण्याच्या टेबलावर त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मतदाराने भिंतीकडे पाठ करून आडोशामागे उभं राहायचं, कागदावर शिक्का मारायचा, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. कुणाला काही दिसायचं काम नाही.

कागदावर चिन्हं दोनच. वर बादली, खाली शिट्टी. बादली म्हणजे गाळेवाले काका. बाजारातले निम्मे दुकानगाळे त्यांच्या मालकीचे. शिट्टी म्हणजे नर्सबाई. त्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, आणि मागच्या गल्लीत दिवे लावून घेईन असं सांगत दारोदार फिरत होत्या.

तेवढ्यात गाळेवाल्यांचा पुतण्या आला. “मी काकांचा प्रतिनिधी. उद्या कुठे बसायचं ते बघायला आलोय.”

“तिकडे, पंख्याखाली,” मॅडमनी सांगितलं. “दोन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी तिथेच बसतील. कुणी दुसऱ्याच्या नावावर मत देत नाही ना, एवढंच बघायचं. जागेवरून उठायचं नाही.”

पुतण्या पंख्याखाली बसला. उठला. हॉलभर फिरला. कपाटासमोर थांबला, चषक बघितले, केस नीट केले. मग खिडकीजवळच्या कोपऱ्यात एक खुर्ची ओढून बसला आणि खूश होऊन म्हणाला, “मॅडम, मी इथेच बसतो. मला वारा सोसत नाही.”

“बसा हो, कुठेही बसा,” मॅडम फितीतून मान वर न काढता म्हणाल्या. मतदाराच्या टेबलापासून अंतर नियमाप्रमाणे होतं. मग झालं तर!

“वारा सोसत नाही?” बाहेर आल्यावर चष्मिस पुटपुटला. “ह्या उकाड्यात?”

“ए, तुझा चष्मा उतरव आणि पोटाकडे बघ. भूक लागलीय!” भोंगा म्हणाला.

जेवायला टोळी मोजपट्टीकडे गेली. तिच्या आईचं शिवणाचं दुकान म्हणजे गाळेवाल्यांच्याच रांगेतला शेवटचा गाळा. पुढे मशीन, मागे पडदा, पडद्यामागे स्टोव्ह. पोरं पडद्यामागे जेवायला बसली, आणि नेमके गाळेवाले काकाच दुकानात आले.

“काय ताई, उद्या मत द्यायला जाणार ना?”

“हो, जाणार की.”

“जा, जा. कुणालाही द्या. फक्त एवढं लक्षात असू द्या, कुणी कुठे शिक्का मारला ते संध्याकाळपर्यंत मला कळणार. मागचा महिनाभर ह्या गाळ्यासाठी एक गिऱ्हाईक विचारतंय. मी त्याला म्हटलं, निवडणूक होऊ दे, मग बघू.” असं म्हणून ते हसले आणि पुढच्या दुकानात गेले.

मशीन थांबलं होतं. मोजपट्टी पडदा सारून बाहेर आली.

“आई, तू तर शिट्टीला देणार होतीस ना?”

“हळू बोल!” आईने दाराकडे पाहिलं. “बादलीला देईन. गाळा गेला तर मशीन कुठे ठेवू, डोक्यावर? आधी आपलं पोट.”

“पण त्यांना कळेलच कसं?”

“म्हणतायत ना, कळणार. उगाच कशाला परीक्षा घ्यायची?” आईने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही जाईना. शेवटी मोजपट्टीने तो ओवून दिला. तिला इतका राग आला होता की भात तसाच राहिला. अर्थात तो वाया गेला नाही, भोंगा होता!

“थाप मारत असतील,” भोंगा परत जाताना म्हणाला.

“थाप मारणारा माणूस घाबरत घाबरत मारतो. हे तर अगदी निवांत होते,” मोजपट्टी म्हणाली. “त्यांना खरंच कळणार आहे. पण कसं?”

“आत कोण असतं? मॅडम, त्यांची माणसं, पोलीसकाका आणि प्रतिनिधी,” चष्मिस बोटं मोजू लागला आणि एकदम थांबला. “प्रतिनिधी! वारा न सोसणारा! मी सांगत होतो ना!”

चौघंही पळत सुटली. हॉलमध्ये मॅडम आणि त्यांचे मिशीवाले मदतनीस एका टेबलाशी गप्पा मारत होते. चष्मिस आडोशामागे उभा राहिला आणि मोजपट्टी कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

“काही दिसतंय?”

“फक्त पुठ्ठा. आणि त्यावर तुझं डोकं.” ती हिरमुसली. “छे! काहीच नाही.”

“मी बसू? मी बसू?” पिटुकली खुर्चीत घुसलीच. पण टेबलाकडे बघायचं सोडून ती कपाटाकडे बघत बसली. “ए दादा, कपाटात बघ! चष्मिस नाक खाजवतोय!”

“काय?”

सगळे खुर्चीभोवती गोळा झाले. खरंच की! काळ्या मखमलीवरची ती लखलखीत काच! आरसाच झाला होता तिचा. आडोशाच्या मागची उघडी बाजू, टेबल, चष्मिसचा हात, सगळं चषकांच्या मधोमध दिसत होतं. आणि दिसत होतं फक्त ह्याच खुर्चीवरून. भोंगा बोलायला गेला, तर मोजपट्टीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्या तोंडावर एक हात पुरत नाही, म्हणून चष्मिसनेही ठेवला.

मोजपट्टी मॅडमकडे गेली. “मॅडम, त्या कोपऱ्यातून मत दिसतं.”

“काहीतरीच! मी सगळं मोजलंय. आडोसा नियमाप्रमाणे आहे, अंतर नियमाप्रमाणे आहे.”

“पण मॅडम, कपाट...”

“कपाट नकाशात नाहीच आहे,” मॅडम म्हणाल्या. “मुलांनो, खूप काम आहे. जा, खेळा बघू!”

मोजपट्टीचे डोळे भरून आले. जा, खेळा! इथे आईचं दुकान जायची वेळ आलीय आणि म्हणे खेळा! पण मग तिच्या मनात एक युक्ती आली आणि तिने डोळे पुसले.

“बरं मॅडम, खेळतो. पण तुम्हीही खेळा ना! चार वाजत आलेत. तुम्हा सगळ्यांसाठी आम्ही चहा आणतो किंवा सरबत. काय हवं ते मत देऊन ठरवा! उद्याची रंगीत तालीम होईल.”

“अरे वा! झकास!” पोलीसकाका पहिले उठले. सकाळपासून त्यांना काहीच काम नव्हतं. हेडसरही आले. मॅडम हसल्या, “चला, शाईची उशी ओली आहे का तेही कळेल.”

चष्मिसने कागदांवर वर पेला काढला, खाली कप. पिटुकली अगदी साळसूदपणे कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. एकेक जण आडोशामागे गेला, शिक्का मारला, घडी घातली आणि कागद एका रिकाम्या खोक्यात टाकला.

“आता मोजा,” मॅडम म्हणाल्या.

“मोजायचं कशाला?” मोजपट्टी म्हणाली. “पिटुकले, सांग गं!”

पिटुकली खुर्चीवर उभी राहिली. “पोलीसकाका सरबत! मिशीवाले काका चहा! मॅडम... मॅडमनी आधी चहावर शिक्का धरला होता, मग सरबतावर मारला!”

मॅडमचा हात गालावर गेला. “अगं बाई!”

“आणि हेडसरांनी दोन्हीवर मारला!”

“दोन्हीवर?” पोलीसकाका खो-खो हसत सुटले. “सर, तुमचं मत बाद!”

“मला दोन्ही हवं होतं,” हेडसर ओशाळून म्हणाले.

खोकं उघडून पाहिलं, तर अगदी तस्संच! मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्यांनी कपाटाकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

“मत गुप्त राहिलं पाहिजे हा सगळ्यात मोठा नियम! उद्या हे कुणाच्या लक्षात आलं असतं तर अख्ख्या केंद्राचं मतदान रद्द झालं असतं. आणि लक्षात आलं नसतं तर...” त्या थांबल्या. “तर त्याहून वाईट झालं असतं. मी फूटभर अंतरासाठी दोनदा फीत लावली, आणि हे मात्र बघितलं नाही. त्या माणसाला मीच म्हटलं, कुठेही बसा!”

हेडसर घाईघाईने म्हणाले, “कपाटावर पडदा टाकू या का? म्हणजे बक्षिसं थोडी तरी...”

“सर!” मॅडम आणि मोजपट्टी एकाच वेळी म्हणाल्या.

“बरं, बरं!” हेडसरांनी सुस्कारा सोडला. कपाट भिंतीकडे तोंड करून उभं करण्यात आलं. शाळेत आजवर अशी शिक्षा फक्त भोंग्यालाच झाली होती. त्याला कपाटाची फार दया आली.

मग मोजपट्टीने गाळेवाल्यांची धमकी मॅडमना सांगितली आणि त्यांचा हात धरून त्यांना दुकानात घेऊन गेली. मॅडमनी आईला दुकानाच्या दारातच, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, “ताई, उद्या तुमचा शिक्का तुमच्याशिवाय कुणालाही दिसणार नाही. ही माझी जबाबदारी. अगदी निर्धास्त या.” मॅडम गेल्यावर आईने सुईत दोरा ओवला तो पहिल्या झटक्यात.

दुसऱ्या दिवशी मुलांना आत मज्जाव. गेटबाहेर आखलेल्या पांढऱ्या रेषेपलीकडे चौघं उन्हात उभी राहिली. मोजपट्टीची आई आत गेली. किती वेळ लागला, बाई! मोजपट्टीने सगळी नखं कुरतडून टाकली. मग आई बाहेर आली, शाई लावलेलं बोट जरा उंच धरून, इस्त्रीच्या साडीत, ताठ मानेने. तिने मुलीकडे बघून मान हलवली आणि सरळ दुकानाकडे चालू लागली.

मतदान संपल्यावर प्रमुख मॅडमनी मुलांना आत बोलावलं. त्यांना हसू आवरत नव्हतं. “तो पुतण्या सकाळी ऐटीत कोपऱ्यात जाऊन बसला. समोर काय, तर कपाटाची लाकडी पाठ! तोंड बघण्यासारखं झालं हो! आणि दहा मिनिटांत मला विचारतो कसा, मॅडम, पंख्याखाली जागा आहे का?”

“वारा सोसला त्याला?” चष्मिसने विचारलं.

“चांगला सोसला!” मॅडमनी चौघांच्याही पाठीवर हात फिरवला. “नियमांचं पुस्तक मी तोंडपाठ केलं, पण ते कशासाठी आहे ते तुम्ही दाखवलंत. मी वर कळवणार आहे, की खोलीतली काच न काच तपासा, आणि ही गोष्ट चार मुलांनी शोधली.”

“शाबास!” हेडसर म्हणाले. “पुढच्या निवडणुकीत कपाट... नाही, नाही, ऑफिसातच बरं ते!”

निकाल लागला. नर्सबाईंची शिट्टी निवडून आली. गाळेवाल्यांना राग तर खूप आला, पण काढायचा कुणावर? सगळेच गाळेकरी त्यांना सारख्याच अदबीने नमस्कार करत होते. शेवटी ते मोजपट्टीच्या आईसमोर येऊन उभे राहिले.

“काय ताई, मत कुणाला दिलंत?”

पडद्यामागे चार जणांनी श्वास रोखला. आईने मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे म्हणाली, “ते मी कुणाला सांगत नाही, काका.”

गाळेवाले घसा खाकरून म्हणाले, “बरं... माझी पँट झाली का?”

“उद्या न्या,” म्हणत आईने मशीन पुन्हा सुरू केलं.

ते गेल्यावर पडदा बाजूला झाला आणि सगळे आईवर तुटून पडले. “काकू, आम्हाला तरी सांगा! शिट्टी ना? शिट्टीच ना?” भोंगा ओरडला.

“नाही सांगणार!”

“आई, मला? कानात?”

“तुलाही नाही!” आई म्हणाली. आणि पदर तोंडाला लावून ती इतकी हसली, इतकी हसली, की मशीनवरचा पायच थांबला.