एका खोलीला लागणारा रंग

डबा नव्हता.

भिंतीतल्या कपाटाचं कुलूप शाबूत होतं, लुगड्यांच्या घड्या मोडल्या नव्हत्या. फक्त मनकर्णाबाईंचा स्टीलचा डबा गेला होता. आत चांदीचे तोडे, वाळे, कमरपट्टा आणि सोन्याची एकदाणी. त्यांच्या नवऱ्याची, जगदेवरावांची, तेरवी अजून व्हायची होती.

"रंगवाल्याले पकडा," मनकर्णाबाईंचा मुलगा हरीओम ओरडला. "खोलीत तोच होता!"

हरीओम ठेकेदार होता. म्हणजे दुसऱ्यांच्या घामाची कामं तो स्वतःच्या आवाजाने करत असे. शेलूबाजारचे जमादार रतनसिंग येईपर्यंत त्याने अशफाक पेंटरची पिशवी अंगणात उलटी केली होती. ब्रश, पट्टी, पॉलिश पेपर, एक चुरगळलेला शर्ट.

रतनसिंग खाटेवर बसले. "किल्ली कुठं रायते?"

"गादीखाली," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

"गादी कोणं उचलली?"

"म्या," अशफाक म्हणाला. "रंग मारायचा तर पलंग भायेर काढाच लागते साहेब."

"पाहा! कबूल करून राह्यला!"

"गादी उचलल्याचं कबूल करून राह्यलो, हरीभाऊ. बाकीचं तुमीच सांगून राह्यले."

"काम झाल्यावर कुठं गेल्ता?" रतनसिंगांनी विचारलं.

"हात धुतले, जेवाले गेलो. वापस आलो त भाऊनं गचांडी धरली."

"तेवढ्यात दिला कोणाले तरी," हरीओम म्हणाला. "जमादार, बसवा याले गाडीत. चार लोकांत एकदा नाव गेलं की पुन्हा कोणाच्या घरात पाय नाही ठेवत हा."

ते मात्र खरं होतं. अशफाकचा चेहरा उतरला.

साधना दाराशी उभी होती. हरीओमची थोरली बहीण. वडिलांचा पलंग अंगणात उभा करून ठेवला होता; तिने त्याच्याकडे पाठ केली होती. स्वयंपाकघरातून आईचं पुटपुटणं येत होतं. चहासाठी अद्रक कुटायचं होतं. खल जागेवर होता, लोखंडी बत्ता सापडत नव्हता.

"अशफाकभाई," साधनाने विचारलं, "खोलीले रंग किती लागला?"

हरीओम हसला. "चांदी गेली अन् ताई रंग मोजून राह्यली! मले विचार ना. दरवाजा-खिडकी वजा करून चारशे फूट भिंत. दोन हातांले आठ लिटर. अर्धा लिटर कधी उरू देला नाही म्या कोण्या कामावर."

"बरोबर हाये का?"

"हो ताई. आठच."

"मग विसाची बादली काहून आणली, हरी?"

हरीओमने बाहीचं बटण चाचपलं. एवढ्या उकाड्यात त्याने दोन्ही बाह्या मनगटापर्यंत लावल्या होत्या. "मोठी स्वस्त पडते. उरला तो वाशीमच्या साइटवर नेईन. जीप येऊनच राह्यली."

"म्या धाचीच सांगितली होती," अशफाक हळूच म्हणाला.

"बादलीत पाणी टाकलं होतं का?"

"थेंबबी नाही. लागंन तेवढा रंग तगारीत काढतो, पाणी तिथं मिसळतो."

ओसरीवर ती बादली होती, झाकण पक्कं ठोकलेलं. साधनाने पट्टी घालून ते उचकटलं.

"जमादार, विसातून आठ गेले. किती राहिले?"

"बारा."

"म्हणजे अर्ध्याच्या थोडं वर. आता पाहा."

फिकट पिवळा रंग पाऊण बादलीपर्यंत होता.

"पाह्यलं?" हरीओम उसळला. "एकच हात मारला यानं! कामचोर तो चोरच!"

"खोलीत ये," साधना म्हणाली. "आधीच्या भिंती गडद निळ्या होत्या. एका हातात निळा झाकला नसता. दाखव मले, कुठं निळा दिसते?"

कुठेही दिसत नव्हता.

ती परत ओसरीवर आली, बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात रंगात घातला. वर आला तो पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला डबा. सुतळीने त्याला बत्ता बांधला होता.

रतनसिंग उठून उभे राहिले.

"सुतकात कोणी भिंतीले ब्रश लावत नाही," साधना म्हणाली. "माय नको म्हणत होती. पण चोर ठरवाले घरात एक परका माणूस पायजे होता, म्हणून यानं तेरवीच्या पावण्यांचं निमित्त काढलं. धाची बादली आणली असती त दोनच लिटर उरले असते, डबा उघडा पडला असता. जो माणूस अर्धा लिटर उरू देत नाही, त्याले या वेळी बारा लिटर उरवणं भाग होतं. डबा रंगावर तरंगला असंन, म्हणून बत्ता बांधला. अशफाकभाई जेवाले गेले अन् डबा बुडवला. वरून जीप बोलावली. फक्त, बुडवलं की पातळी चढते, हे ठेकेदाराच्या हिशोबात नव्हतं. जमादार, बाही वर कराले लावा त्याले."

हरीओमच्या कोपराच्या घडीत फिकट पिवळा रंग वाळला होता.

"माय तेरवीले वाटणी करणार होती," तो म्हणाला. "अर्धी तुले जाणार होती."

"मागितली असती त सारी देली असती. पाह्यलंबी नसतं तिकडं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुले मागताबी आलं नाही."

"माय, घरातली गोष्ट हाये..."

मनकर्णाबाई चहा न ठेवताच बाहेर आल्या होत्या. "अशफाकची गचांडी धरतानी नाही आठोलं घर?" त्या रतनसिंगकडे वळल्या. "लिव्हा तक्रार."

"आरोपीचं पूर्ण नाव?"

मनकर्णाबाई थांबल्या. त्यांनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रतनसिंगांना वाटलं, त्या म्हणूनच अडल्या. ते साधनाकडे वळले. "ताई, तुमी सांगा."

मनकर्णाबाईंनी हात वर करून लेकीला गप्प केलं.

"हरीओम," त्या म्हणाल्या. "बस, एवढंच. याच्या नावाले बापाचं नाव लावू नका."