हिरव्या डागाचा बिल्ला

"ए ताई, हा बिल्ला ओला आहे!" पिटुकलीने बोट वर धरलं. बोटाला हिरवागार रंग लागला होता.

"पूस आणि चल आत. परतीची लाँच सुटेल!" तिची मोठी बहीण म्हणाली. तिला सगळे कॅप्टन म्हणत, आणि आज तर ती खरीच कॅप्टन होती. परदेशात राहायला आल्यापासून मोठ्यांशिवाय केलेली ही पहिली सहल, तीही बेटावर! डब्यात काय न्यायचं इथपासून सगळं तिनेच ठरवलं होतं. सोबत वर्गातला शंख होता. तो कुजबुजला तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं, म्हणून हे नाव.

"हा रंगाच्या आजींचा बिल्ला आहे. त्या कुठे आहेत?" पिटुकली जागची हलेना.

या लाँचची पद्धत मोठी गमतीची होती. बेटावर उतरताना लाँचवाले काका प्रत्येकाला खुंटीवरचा एकेक पितळी बिल्ला देत. परत आल्यावर ज्याने त्याने तो खुंटीला अडकवायचा. सगळ्या खुंट्या भरल्या की निघायचं! सकाळी लाँच गच्च भरली होती आणि एकही बिल्ला उरला नव्हता. तेव्हा शेजारी बसलेल्या आजी रंगांची पेटी आणि घडीची खुर्ची घेऊन पक्ष्यांची चित्रं काढायला बेटामागच्या खडकांवर गेल्या होत्या.

शंख वरचा मजला पालथा घालून आला. कॅप्टनने खालचा मजला पाहिला. आजी नव्हत्या!

ही आजची शेवटची लाँच होती. भरतीही चढत होती आणि सकाळी ज्या खडकांवरून उड्या मारल्या, ते केव्हाच बुडाले होते.

ती धावत काकांकडे गेली. "काका, एक आजी मागे राहिल्यात!" ती तिथल्या भाषेत म्हणाली.

"खुंट्या भरल्यात ना? मग सगळे आले," काका दोर सोडत म्हणाले.

"पण माणसं मोजा ना!"

"अर्धी वर, अर्धी खाली, आणि एक जागेवर बसेल तर शपथ! म्हणून तर बिल्ले ठेवलेत. मला शिकवू नकोस, जा बस!"

इंजिन धडधडू लागलं.

"आता काय करायचं?" शंख म्हणाला.

"हळू बोल ना जरा!"

"कशाला? आपलं मराठी इथे कुणाच्या बापाला कळतंय?"

कॅप्टनचे डोळे चमकले. खरंच की! काकांच्या अगदी शेजारी उभी राहून, गोड हसत, ती खड्या आवाजात म्हणाली, "शंख, तू पोट धरून बोंब मार. काका वळले की मी एक बिल्ला काढते. पिटुकले, मग तू त्यांना रिकामी खुंटी दाखव. घाबरू नकोस हं!"

"किती गोड मुलं!" पलीकडच्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

"आई गंऽऽ! मेलो, मेलो!" शंखाने असा काही टाहो फोडला की काका चाक सोडून धावले.

"काका, ती बघा, एक खुंटी रिकामी!" पिटुकली किंचाळली.

काकांनी वळून पाहिलं, इंजिन बंद केलं आणि लाँच पुन्हा धक्क्याला बांधली. भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. धक्क्यावर कुणीच आलं नाही.

"सगळे खाली या! कुणी हलायचं नाही!" काका गरजले. त्यांनी डोकी मोजली. पुन्हा मोजली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"एक माणूस कमी आहे."

कॅप्टनने मूठ उघडली. "बिल्ला मी काढला, काका. पण आजी खरंच नाहीत. हिरव्या डागाचा बिल्ला त्यांचा आहे. तो कुणी लावला?"

कॅमेरा लटकवलेले एक गृहस्थ चाचरत उठले. "मी. वाटेत पडला होता. म्हटलं, कुणाचा तरी पडला असेल, आपणच लावून टाकू..."

दोर आणि वल्हं उचलून काका धावत सुटले. मुलं पुढे, काका मागे आणि कॅमेरेवाले धापा टाकत शेवटी!

बेटामागे खडक दिसतच नव्हते. पाण्यावर फक्त घडीची खुर्ची हेलकावे खात होती.

पिटुकलीने ताईचा हात घट्ट धरला.

"आजीऽऽ!" शंख जिवाच्या आकांताने ओरडला. "आता सगळे गप्प! ऐका!"

लाटांच्या आवाजात एक क्षीण हाक आली. उजवीकडच्या मोठ्या दगडाआड आजी छातीभर पाण्यात उभ्या होत्या. त्यांचा पाय फटीत अडकला होता!

काका कमरेला दोर बांधून उतरले. दोराचं दुसरं टोक कॅप्टन, शंख आणि कॅमेरेवाल्यांनी धरलं. एक लाट आजींच्या डोक्यावरून गेली. कॅप्टनच्या तळहातांची सालटी निघाली, पण तिने दोर सोडला नाही. काकांनी फटीत वल्हं घालून जोर लावला. दगड हलेना. पुन्हा लावला. वल्हं कडकडलं आणि पाय सुटला!

"ओढा!" काका ओरडले.

लाँचमध्ये आजींना घोंगडीत गुंडाळलं. त्या कुडकुडत होत्या, पण डोळे उघडे होते. काका त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

"मी निघून गेलो असतो," ते म्हणाले. "या पोरांनी मला जाऊ दिलं नाही. यांच्याएवढं शहाणपण माझ्यात असतं तर!"

आजींनी हात कॅप्टनच्या गालावर ठेवला. लाँचमधली सगळी माणसं टाळ्या वाजवू लागली, आणि इतका वेळ धीराने उभी असलेली कॅप्टन हमसून हमसून रडायला लागली.

"अगं ताई, आता का रडतेस? आजी सापडल्या ना!" पिटुकली गोंधळून म्हणाली.

"म्हणूनच गं!" कॅप्टन म्हणाली आणि आजींच्या कुशीत शिरली.