गिटारीचा होकार

कट्टा गावच्या बाजारात धनेशचं साऊंडचं दुकान. लग्न असो, जत्रा असो, भजनाची बारी असो, स्पीकर धनेशचे. बाकीचे साऊंडवाले माइक लावला की ‘हॅलो, चेक, हॅलो’ करत बसतात. धनेश तसला नव्हे. तो माइक हातात घ्यायचा आणि सरळ गाऱ्हाणं घालायचा, देवळात घालतात तसं, ठसक्यात. एकाने देवाकडे मागायचं आणि जमलेल्यांनी हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायचा, ही आपल्याकडची रीत. धनेशच्या गाऱ्हाण्याला शेजारचा चहावाला ओमकार उकळतं पातेलं सोडून होकार भरायचा.

गेले काही दिवस मात्र धनेशचं दुकानात लक्ष नव्हतं. बायको गेल्यापासून घरात तो आणि मुलगी दिव्या, दोघंच. दिव्या बारावी झाली आणि तिच्या डोंबिवलीच्या मावशीने, विनीताने, कॉलेजचं सगळं ठरवूनच टाकलं. सोमवारी निघायचं. धनेशला ती जायला नको होती, पण ‘जाऊ नको’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. कशी रेटणार? पोरीच्या भल्याच्या आड बापाने यायचं? शेवटी त्याने तळेऱ्याच्या भंगारवाल्याकडून एक जुनी गिटार उचलून आणली. दिव्याला गिटारीचा भारी नाद. ही बरी वाजली तर पोर रमेल, रमली तर थांबेल, असा त्याचा भाबडा बेत.

गिटार मूळची कोणाची, हे भंगारवाल्यालाही ठाऊक नव्हतं. विजयदुर्गाकडच्या कुठल्याशा बंद घरातून सामानाबरोबर आलेली. पाठ उभी तडकलेली, तारांखालची घोडी उचकटलेली, आणि पोटाच्या भोकाला नाक लावलं की कापराचा वास. धनेशने तड्यात सरस भरला, दोरीने आवळून ती सुकत ठेवली, घोडी चिकटवली, लाकूड घासून पुसून काढलं. मग घोडीखाली पिकअप बसवला. तारांची थरथर उचलून स्पीकरला पोचवते ती ही पट्टी. बुडाला वायरीसाठी भोक पाडलं. साधी गिटार आता स्पीकरवर वाजणार होती.

दुपारी त्याने वायर जोडली, गिटार टेबलावर आडवी ठेवली आणि सवयीने सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, हिचो आवाज बरो येवंदे, आणि ओमकाराच्या चायेत आज तरी दूध पडांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ओमकार पलीकडून ओरडला. “आणि धनेशाक थोडी अक्कल येवंदे!”

धनेश हसला, पण अर्धवट. ओमकारच्या आवाजाबरोबर स्पीकरमधूनही दोन घुमारे आले होते. पहिला ‘व्हय’सारखा वर चढणारा, दुसरा ‘म्हाराजा’सारखा लांबत खाली उतरणारा. गिटारीला कोणाचा हात नव्हता.

यात नवल ते काय, त्याने स्वतःला समजावलं. पोकळ लाकूड आहे, माणसाच्या आवाजाने थरथरणारच. दुसऱ्या दिवशी ओमकारची टपरी बंद होती. धनेशने गिटारीच्या भोकात फडकं कोंबलं, तारांवर रुमाल टाकला आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. स्पीकर गप्प. ओमकारच्या नावाने दोन शिव्या हासडल्या. गप्प. मग त्याने गाऱ्हाण्याची एक ओळ म्हटली.

घुमारे आले. वर, मग लांबत खाली.

धनेशने वायरीकडे हात नेला. तिथेच वायर काढायची, पण नाही. मनात होतं ते ओठांवर आलं.

“बा देवा म्हाराजा, माझा चेडू हंयच रवांदे रे म्हाराजा.”

या खेपेला होकार मोठा होता. एकाचा नव्हता, सभामंडप भरलेला असावा तसा होता. धनेशला लाज वाटली. आपण पोरीचं नशीब अडवायला निघालो, असं वाटलं. त्याने वायर उपटली. पण दिव्याने गिटार आदल्या दिवशीच पाहिली होती, तिने ती छोट्या स्पीकरसकट घरी न्यायचा हट्ट धरला, आणि नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

रविवारी दिवेलागणीला तो पडवीत बसला होता. आत दिव्या तारा छेडत होती. मग तारा थांबल्या.

घुमारे आले. वर, मग लांबत खाली.

धनेश कान देऊन बसला. कोणी काही बोललं नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा होकार. पुन्हा शांतता, या खेपेला लांब. पुन्हा होकार. मधली शांतता दर वेळी वेगळी होती, कधी आखूड ओळीएवढी, कधी लांब मागणीएवढी.

कोणीतरी गाऱ्हाणं घालत होतं. त्याला फक्त होकार ऐकू येत होते.

तो आत धावला. गिटार पाटावर आडवी. समोर दिव्या, हात जोडून, डोळे मिटून. मुंबईची बॅग रिकामी होती. कपडे घडी करून परत कपाटात लावलेले.

“दिव्या! काय करतंस गो?”

“मी खंयच जावचंय नाय, बाबा.”

हेच ऐकायला तो इतके दिवस झुरत होता.

“कित्या?”

“तेंनी माका मागून घेतल्यानी. मी व्हय म्हटलंय.”

“कोणी?”

“गप रवा. तेंचा संपूक नाय अजून.”

धनेशने भिंतीतली पिन खेचली. स्पीकरचा लाल दिवा विझला.

दिव्याने डोळे उघडले. बापाकडे बघून ती किंचित हसली.

“आता तुमचा नाव घेतल्यानी.”

शांतता. लांब, खूप लांब.

मग घुमारे आले, नुसत्या लाकडातून, आणि त्यांच्याबरोबर दिव्याचा आवाज. धनेशचे हात कधी जुळले ते त्याला कळलं नाही. जन्माची सवय.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला.

काय मागितलं होतं, ते त्याला ऐकूच आलं नव्हतं.