यादीबाहेरची वेल

सकाळची कॉफी व्हायच्या आधी याकोव्होस द्राक्षाच्या मळ्यात जाऊन काठी रोवायचा. काठी कसली, वीतभर लांबीची सळई ती, आणि तिच्या वरच्या टोकाला काचेचा मणी. ती मातीत गेली की दहापर्यंत आकडे मोजायचे. मणी हिरवा झाला म्हणजे मुळांशी किडीवरचा राखणजीव जागा आहे असं समजून पुढच्या वेलीकडे वळायचं. गेल्या नोव्हेंबरपासून आस्प्री बेटावरच्या घराघरांत हेच चाललं होतं. काही म्हाताऱ्या तर देवाचं नाव घेत घेतच काठी उपटून काढायच्या.

जूनमधल्या एका सकाळी मळ्यालगतच्या ख्रिस्ती देवळाच्या भिंतीकडच्या वेलीपाशी मणी हिरवागार झाला, पण वेल पिवळी पडलेली होती. पानांच्या कडा जळल्यासारख्या आत वळल्या होत्या. याकोव्होसने काठी पुन्हा रोवली, पुन्हा आकडे मोजले, आणि मग शर्वरीला बोलावून आणलं.

शर्वरी बोरस्ते मूळची निफाडची. वडिलांची द्राक्षबाग, घरात बोलणं छाटणीचं नाहीतर भुरी रोगाचं, त्यामुळे पोरगी द्राक्षांच्याच शास्त्रात शिरली यात कुणाला नवल वाटलं नाही. राखणजीव तयार करणाऱ्या चमूत ती पहिल्यापासून होती आणि आस्प्रीची सगळी जबाबदारी तिच्याकडे होती. कानात दुभाष्या यंत्र होतं, पण ते बातम्या वाचल्यासारखं मराठी बोलायचं. दीड वर्षात ग्रीक बऱ्यापैकी समजायला लागल्यावर तिने ते काढून ठेवलं. तेव्हापासून याकोव्होसचं बोलणं तिच्या मनात थेट निफाडच्या बोलीत उमटायचं. त्याला ती बार्बा म्हणायची, म्हणजे तिकडचे काका, आणि तो तिला पोरी म्हणायचा.

आस्प्री म्हणजे सांतोरिनीच्या दक्षिणेला ठिपक्याएवढं बेट. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, पाऊस नावाला, वारा मात्र कान उपटून नेणारा. तिथे मांडव नाही की तारा नाहीत. वेलीच्या काड्या गोल गोल विणून जमिनीलगत बसवतात, डोक्यावर हंडा घेताना बायका चुंबळ करतात तशी. घड त्या चुंबळीच्या आत वाऱ्यापासून लपून पिकतात आणि समुद्राच्या धुक्यावर तहान भागवतात. वेल म्हातारी झाली की वरची चुंबळ कापून टाकायची, मुळातून नवी फुटते. निफाडला बाग पंधरा वर्षांची झाली की शेतकरी ती काढायच्या गोष्टी करतो. इथली मुळं तीनशे वर्षांची होती. त्यांच्यावर आलेल्या असिर्तिको या पांढऱ्या द्राक्षाची वाईन शर्वरीने पहिल्यांदा चाखली, तेव्हा लिंबाची फोड समुद्रात बुडवून खाल्ल्यासारखं तिला वाटलं होतं.

फायलॉक्सेरा नावाची मुळं पोखरणारी कीड दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपभरच्या बागा खाऊन गेली. तेव्हापासून जगात बहुतेक ठिकाणी द्राक्ष परक्या खुंटावर कलम करूनच लावतात. राखेच्या मातीत ती कीड जगत नसल्यामुळे ही बेटं वाचली होती. सहा वर्षांपूर्वी तिची राखेतही जगणारी जात निपजली आणि शेजारची दोन बेटं दोन हंगामांत उजाड झाली. राखणजीव हा त्यावरचा उपाय होता. हा सूक्ष्मजीव मुळांत राहतो आणि किडीला मारणारा कडू रस तयार करतो. पण माणसांनी सोडून दिलेल्या मळ्यांत, रानवेलींत कीड दडून बसते आणि पुन्हा येते. म्हणून त्याला दुसरंही काम शिकवलेलं होतं. प्रत्येक वाणाच्या पानावरून त्याची जनुकीय ओळख, म्हणजे वाणठसा, काढून त्यांची यादी त्याच्यात भरायची. यादीतल्या वेली त्याने राखायच्या आणि यादीबाहेरची द्राक्षाची वेल मुळापासून सुकवायची. एकदा मातीत सोडल्यावर यादी कुणालाही बदलता येणार नव्हती. कुणी वैरी माणूस ती बदलून दुसऱ्याच्या बागा मारेल, या भीतीने कुलूप घातलं होतं आणि किल्ली बनवलीच नव्हती.

शर्वरीने पिवळी वेल पाहिली. तिला मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली दुपार आठवली. पानं गोळा करायला ती याच मळ्यात आली होती. याकोव्होसने असिर्तिको दाखवली, आथिरी दाखवली, आयदानी, मान्दिलारिया, कोपऱ्यातल्या माव्रोत्रागानोच्या चार वेली. मग तिचं लक्ष देवळाच्या भिंतीकडे गेलं. तिथे एकटी वेल होती, काळपट, खोल कातरलेल्या पानांची, तिने आजवर न पाहिलेली. तिने पान खुडलं. याकोव्होसने ते हळूच तिच्या हातातून काढून घेतलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि कॉफी गार होतेय म्हणाला.

असं गप्प राहणं तिला परकं नव्हतं. तिची आजी कधी दिवा विझव म्हणाली नाही, दिवा शांत कर म्हणायची. बांगड्या कधी फुटल्या नाहीत, वाढवल्या. काही गोष्टींचं नाव जिभेवर आणायचं नसतं, हे शर्वरी निफाडहूनच शिकून आली होती. म्हणून मोठ्या शहाणपणाने तिने विचारलं नाही. शिवाय चारच्या बोटीने यादी जायची होती. ‘इतर वाण’ या रकान्यात तिने ‘नाही’ लिहिलं आणि असेल एखादी रानवेल, अशी स्वतःची समजूत घातली. रानवेलीला कुणी दगडांचं आळं करत नाही आणि या वेलीला ते केलेलं आहे, हे तिला दिसत होतं.

ही वेल यादीत नाही म्हणून राखणजीवच तिला सुकवतोय, हे सगळं तिने आता सांगून टाकलं. याकोव्होसने विचारलं,

“यादी उघडता नाही येणार?”

“नाही, बार्बा. आम्हीच तशी केलीय.”

“आम्ही म्हंजी कोण?”

“मीसुद्धा,” ती म्हणाली.

मग तो देवळाच्या पायरीवर बसला आणि त्याने तोंड उघडलं. बेटावर खडक फार, पुरायला जागा थोडी. त्यामुळे माणूस गेल्यावर तीन वर्षांनी अस्थी वर काढतात, वाईनने धुतात आणि पेटीत घालून देवळात ठेवतात. ग्रीसमध्ये कितीतरी ठिकाणी ही रीत आहे. पण आस्प्रीवर त्यासाठी प्रत्येक घराची एक वेगळी वेल असते. तिची वाईन कुणी पीत नाही आणि ती साठवूनही ठेवत नाहीत, साठवली तर घरात मरणाला बोलावणं गेलं असं समजतात. ज्या वर्षी अस्थी धुवायच्या त्याच वर्षी घड तोडायचे आणि लागेल तेवढीच करायची. त्या वेलीचं नाव जिवंत माणसासमोर घेत नाहीत. अस्थी धुताना घरातला वडीलधारा ते मेलेल्या माणसाच्या कानाशी सांगतो, म्हणजे तिकडे गेल्यावर त्याला आपलं अंगण सापडतं आणि तो त्या वेलीखाली घरच्यांची वाट बघत बसतो. याकोव्होसची बायको कालिरोई हिला येत्या नोव्हेंबरात तीन वर्षं होत होती.

“मी गप ऱ्हायलो,” तो म्हणाला. “माझं चुकलं का तुझं, ते आता काय करायचं!”

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं त्यानंतर शर्वरीने सगळं केलं. हिरव्या काड्या कापून अथेन्सच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. त्या काचेच्या नळ्यांत तीन आठवड्यांत वाळून गेल्या, कारण राखणजीव रसात चढून शेंड्यापर्यंत पोचला होता. द्राक्षाचे कोवळे मणी फोडून पाहिले तर बिया दुधासारख्या मऊ. तयार बी मिळालं असतं तरी उपयोग नव्हता. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, तसंच द्राक्षाचंही आहे. वाण टिकतो तो काडीतून, बियांतून नाही.

याकोव्होसने वेल दाखवली त्याच आठवड्यातल्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर तिच्या शेडवर एक बाई आली. घरामागची एक वेल जरा मलूल दिसते, म्हणाली. कुठला वाण, असं विचारल्यावर ती ओढणीचं टोक चाळवत बसली. ती गेल्यावर एक नावाडी आला, मग शाळेच्या मास्तरीणबाई आल्या. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसे सगळे हवापाण्याचं बोलायचे आणि निघताना हळूच एका वेलीची गोष्ट काढायचे. संध्याकाळपर्यंत अठरा माणसं येऊन गेली. याकोव्होसचं धरून बेटावर घरं एकोणीसच होती. वेल सगळ्यांकडे एकाच वाणाची होती आणि सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली होती. शर्वरी शेडचं दार लावून बराच वेळ आत बसून राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती.

बाकी बेट मात्र त्या वर्षी बहरलं. ऑगस्टमध्ये असिर्तिकोचे घड असे लागले की टोपल्या कमी पडल्या. विन्सान्तो या गोड वाईनसाठी गच्च्यांवर द्राक्षं उन्हात पसरली होती आणि मधाचा वास बंदरापर्यंत येत होता. सरकारी माणसं येऊन हात मिळवून गेली. पुढच्या हंगामात राखणजीव ग्रीसच्या मुख्य भूमीवर सोडायचं ठरलं. दोनशे अकरा वाणांची यादी शर्वरीकडे आली. ‘यादी पूर्ण आहे’ या ओळीखाली सही करण्यापुरतंच आता काम उरलं होतं. मुदत नोव्हेंबरातल्या एका सोमवारची होती.

तोडणी संपल्यावर याकोव्होस एक पाकीट घेऊन आला. त्यात मागच्या वर्षीच्या मे महिन्यातलं ते पान होतं. कालिरोईच्या तसबिरीमागे ठेवलेलं, कागदासारखं सुकलेलं. यातून काही होतं का बघ, म्हणाला. मेलेल्या पानातून वेल होत नाही, पण तिचा जनुकांतला मजकूर वाचता येतो. प्रयोगशाळेने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यावरून घडवलेल्या यीस्टने टाकीत त्या द्राक्षाचा रंग, आंबटपणा, तुरटपणा आणि वास जसाच्या तसा उतरवला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शर्वरी एक बाटली घेऊन बोटीतून उतरली. तिच्या थैलीत सहीचा कागदही होता.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास थडगं उघडलं. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली. कालिरोईच्या बहिणीने अस्थी एक एक करून पांढऱ्या कापडावर ठेवल्या. याकोव्होसने बाटलीतली थोडी वाईन तळहातावर घेतली आणि नाकाशी नेली. त्याचे डोळे भरून आले.

“तिचाच वास हाये,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “हिची मुळं कुठं होती, पोरी?”

“मुळं नव्हती, बार्बा. टाकीत केलीय.”

तो रागावला नाही. त्याने अस्थी धुतल्या, सावकाश, जिवंत माणसाला न्हाऊ घालावं तशा. कवटी सगळ्यात शेवटी हातात घेतली, पुसली आणि तिच्याजवळ तोंड नेलं. सगळे माना खाली घालून उभे राहिले. नाव सांगायची ती वेळ होती. याकोव्होसचे ओठ हलले आणि थांबले. पाद्रीबुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याने नाव न सांगताच कवटी पेटीत ठेवली आणि कालिरोईच्या बहिणीने तोंडाला रुमाल लावला.

माणसं पांगल्यावर तो शर्वरीजवळ आला. भिंतीकडच्या वेलीची आता नुसती काटकी उरली होती.

“तिला काय सांगणार होतो? नाव ऐकून ती तिकडं त्या वेलीखाली जाऊन बसली असती, पण ती वेल आता आमच्या अंगणात ऱ्हायलीच नाही. आणि ह्या बाटलीला तर अंगणच नाही. कुठं शोधायची तिनं आम्हाला?”

शर्वरीला रडू आवरेना. ती माफी मागायला लागली, पण त्याने हातानेच थांबवलं. मग तो तिच्या कानाशी वाकला आणि त्याने ते नाव तिला सांगितलं. दोनच अक्षरांचं होतं. ते इथे लिहीत नाही. ज्यांचं होतं त्यांनीही ते कधी लिहिलं नव्हतं.

“मला कशाला सांगितलंत? जिवंत माणसासमोर घ्यायचं नसतं ना?”

“ती वेल पण आता मेलेल्यांतलीच. आता कुणापुढंबी घेतलं तरी चालतंय.”

तिने थैलीतून कागद काढला. नाव निदान कुठेतरी राहावं म्हणून. दोनशे अकरा ओळी एकाखाली एक छापलेल्या होत्या. त्या वाणांची पानं तिच्यासारख्याच माणसांनी, बोटीच्या नाहीतर बसच्या वेळेकडे डोळा ठेवून गोळा केली होती. कुणाकुणाच्या मळ्यात कोण गप्प बसलं असेल, हे त्या कागदावरून कळायला काही मार्ग नव्हता. तिला स्वतःच्या घरच्या यादीची आठवण झाली. राखणजीवाच्या पहिल्या चाचणीसाठी निफाडला तीन वर्षांपूर्वी अकरा नावं लिहून तिने ती दोन दिवसांत पुरी केली होती आणि विहिरीमागच्या बांधावर कुठली वेल आहे, हे वडिलांनाही विचारलं नव्हतं.

याकोव्होसने चष्मा लावून कागदावरून बोट फिरवलं. बोट सहीच्या ओळीशी येऊन थांबलं.

“ही सगळी जित्यांची नावं,” तो म्हणाला. “तुम्ही न विचारता मारलेल्यांची कुठल्या कागदावर लिहिता, पोरी?”